मगदुमांच्या गाडीचा पाचवा गिअर

सन दोन हजार सात, मार्गशीर्ष महिना, कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरातील एका लहानशा फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये, फौंड्रीचे मालक आणि माझे मेहुणे भूपाल मगदूम यांनी आपल्या जुन्या अम्बॅसडरच्या पोटातून गिअरबॉक्स खाली उतरवला आणि त्याच्या शेजारी, गोणपाटावर, दुसरा आणून ठेवला. तो त्याच जातीच्या, पण पुष्कळ नंतरच्या गाडीचा होता. त्याला पाच गिअर होते. त्या वेळी तिथे आम्ही तिघेच होतो : मेहुणे, त्यांच्याकडे लेथ चालवणारा दस्तगीर मुजावर, आणि मी.

दस्तगीरने दोन्ही बॉक्सांभोवती एक संथ फेरी मारली.

"मालक, म्हाताऱ्याच्या तोंडात जवान माणसाचं दात बसवायचं काम काढलंय तुमी."

"बसत्यात का न्हाई, तेवढं बोल."

"बसत्यात की. पर चावाय लागल्यावर हिरड्या काय म्हंत्यात, ते मला इचारू नका."

मेहुणे हसले. त्यांना मी दाजी म्हणत असे. थोराड बांधा, भट्टीच्या धगीने कायमचा तांबूस झालेला चेहरा, आणि हातात काही ना काही धरलेले असल्याखेरीज न सुचणारे बोलणे. त्या क्षणी हातात पाना होता.

"शांतू, तू का गप? तू गप बसलास की मला भ्या वाटतंय."

मी त्या काळी एका तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवीत असे, आणि विरोध करणे हे आपल्या नेमणुकीतच लिहिलेले काम आहे अशा निष्ठेने ते घरीदारी पार पाडीत असे.

"दाजी, माझा विरोध आहे," मी म्हणालो. "ही गाडी चार गिअरांची, स्टिअरिंगजवळच्या दांडीची, म्हणून जन्माला आली. आता तुम्ही तिच्या तळाला भोक पाडून दांडी खालून वर काढणार. एकदा तो पत्रा कापला की ही गाडी पुन्हा कधीच ती गाडी होणार नाही. अशा शाबूत गाड्या जिल्ह्यात राहिल्यात किती?"

"शाबूत राहून करती काय? शेडमधी उभी ऱ्हाती."

"नुसते उभे राहण्यातही मान असतो."

"तो मान तुझ्याजवळ ठेव. मला पुण्याला जायचंय."

पुण्याला म्हणजे त्रिशलाकडे, हे सांगावे लागत नव्हते.

त्रिशला ही दाजींची एकुलती मुलगी, माझी भाची. माझी थोरली बहीण रत्नाक्का हृदयविकाराने गेली, त्याला चार वर्षे होत आली होती. आईच्या माघारी त्रिशलाने कोल्हापुरात फार दिवस काढले नाहीत. पुण्याला नोकरी धरली, तिथेच लग्न केले, तिथेच घर घेतले. लग्नात दाजींना पाहुण्यासारखे बसवले गेले, आणि लेकीच्या घराचा उंबरा तर त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. बापलेकीत भांडण झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. ती फोन उचलीत असे, प्रकृती विचारीत असे, रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करीत असे. फक्त दाजी "येऊ का?" म्हणाले की तिकडून एखादी अडचण निघे.

आणि अडचण हा शब्द कानी पडला की दाजींचे हात शिवशिवू लागत. उद्यमनगरात माणूस असाच घडतो. तिथे कोणी येऊन "होत नाही" म्हणाला, तर त्याचे पुढचे वाक्य ऐकून न घेता लोक हत्यारे शोधायला लागतात. त्रिशला म्हणाली, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तुमचे हाल होतील. दाजींनी स्वतः ओतलेला पंप ट्रान्सपोर्टने रवाना केला. ती म्हणाली, इमारतीला लिफ्ट नाही आणि तुमचे गुडघे धड नाहीत. दाजी दर रविवारी कुंभोजला जाऊन बाहुबलीचा डोंगर चढू लागले, आणि काही दिवसांनी डोंगराच्या माथ्यावरूनच तिला फोन करून, दम न लागता, दोन वाक्ये बोलून दाखवली. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, त्या गाडीने हायवेवर येऊ नका. सत्तरच्या वर गेली की ती किंचाळते. मागून ट्रक अंगावर येतात. माझ्या जिवाला घोर लागेल."

एस.टी.ने जा, रेल्वेने जा, असे त्यांना कोणी सुचवीत नसे. भूपाल मगदूम दुसऱ्याने चालवलेल्या वाहनात बसत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. स्वतःच्या लग्नाची वरातही त्यांनी स्वतःच चालवीत आणली होती. मुंडावळ्या काचेसमोर येऊ नयेत म्हणून त्या त्यांनी कानामागे खोचल्या होत्या, आणि त्यावरून आमच्या आत्याने त्यांच्याशी धरलेला अबोला वर्षभर टिकला होता.

तर ही गाडीची अडचण दाजींना मनापासून आवडली.

"ही खरी अडचण हाय, शांतू," ते मला म्हणाले. "पाण्याची, जिन्याची, त्या उगंच आपल्या. ही मातूर पोरीनं बराबर पकडली. तिचा कान माझा हाय. किंचाळतीच गाडी."

ते खरे होते. चार गिअरांच्या त्या गाडीत वेग वाढवायचा म्हणजे इंजिन बेदम फिरवणे आले. वर पाचवा गिअर मिळाला तर तोच वेग इंजिन निवांतपणे देऊ शकले असते. मागणी रास्त होती आणि उत्तरही बरोबर होते.

विरोध करून झाल्यावर कामाची आकृती मीच काढून दिली. जुन्या इंजिनाची पाठ आणि नव्या बॉक्सचे तोंड एकमेकांना जुळत नव्हते. दोघांच्या मध्ये अॅल्युमिनियमची एक जाड तबकडी ओतून बसवावी लागणार होती. तिच्यातली सारी मेख एकच. इंजिनाचा फिरता कणा आणि बॉक्सचा कणा अगदी एका रेषेत यायला हवेत. केसाएवढा जरी फरक राहिला तरी बॉक्स काही दिवसांत स्वतःला खाऊन टाकतो. मी तसे आकृतीवर ठळक अक्षरांत लिहिले.

"सर, अक्षर झ्याक हाय तुमचं," दस्तगीर म्हणाला. "लग्नपत्रिका छापायची झाली तर तुमाकडंच येतो."

दाजींनी तबकडी ओतली, तासली, इंजिनाला बसवली. गाडीच्या तळाला भोक पडले तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून आखूड केला गेला, नव्या बॉक्सचे बूड गाडीच्या सांगाड्याला जोडले गेले, आणि एका दुपारी आम्ही तिघे गाडीत बसून कागलच्या रस्त्याला लागलो. चौथ्यापर्यंत ठीक होते. पाचवा पडला आणि आमच्या पायांखालून एक बारीक, अखंड रडका सूर येऊ लागला.

दाजींनी गाडी बाजूला घेतली.

"तबकडी सरकलीय," मी म्हणालो. "मध्य चुकला आहे."

"चुकंल कसा? इंजिनाच्या भोकांवरनं माप घेतलंय."

"भोकांवरून? मी कण्यावरून घ्या म्हणून लिहिले होते."

"ही भोकं मी सोता पाडलेली हायत, शांतू. मागं ब्लॉक तडकला हुता, तवा सगळी भरून नव्यानं पाडली. माझी भोकं वाकडी कशी असतील?"

मागच्या आसनावरून दस्तगीरचा आवाज आला, "मालक, वाकडीच हायत."

मला वाटले, दस्तगीरला आता इथूनच चालत गावी जावे लागणार. पण दाजींनी एकदा मान हलवली आणि ते खो खो हसले. "वाकडी तर वाकडी! परत पाडू." मी त्यांना सांगितले की पलीकडच्या कारखान्यात अचूक भोके पाडणारे मोठे बोरिंग मशीन आहे, मालक आपल्या ओळखीचा आहे, सकाळी दिले तर दुपारी काम हातात मिळेल. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना भर चौकात झोळी पसरून बसायला सांगितले होते.

"दुसऱ्याच्या मशीनवर? माझ्या गाडीचं?"

मग ती तबकडी त्यांनी हाताने घासून, बसवून, पुन्हा उतरवून, पुन्हा घासून जुळवली. पौष लागला. दस्तगीर म्हणे, एवढ्या वेळात पाठीवर बसवून मालकांना पुण्याला पोचवून आलो असतो. पण काम झाले, आणि जे झाले ते निर्दोष झाले, हे मला, विरोधकाला, मान्य करावे लागले. दुसऱ्या खेपेला आम्ही कागलच्या पुढे गेलो. पाचवा पडला, आणि काहीही ऐकू आले नाही.

त्याच संध्याकाळी दाजींनी शेडमधल्या फोनवरून, आमच्या देखत, पुण्याचा नंबर फिरवला.

"त्रिशला, गाडी झाली. व्हय, पाच गिअर. शंभरला धर, स्टिअरिंगवर ठेवलेली करंगळी थरथरायची न्हाई... हॅलो? ... हॅलो? हाईस न्हवं?" मग ते पुष्कळ वेळ नुसते ऐकत राहिले, म्हणजे निदान रिसीव्हर कानाला धरून राहिले. "व्हय. व्हय. आणतो की. बरं. ऐतवारी."

रिसीव्हर ठेवून ते आमच्याकडे वळले.

"म्हनली, मामांना संगट घेऊन या. एकटं येऊ नका. बगितलास? बोलावलं पोरीनं!"

"मालक, पेढं," दस्तगीर म्हणाला.

"पेढं कसलं घिऊन बसलाईस! तुला तांबडा-पांढरा पाजतो."

"तुमी न्हाई वो मटणाच्या दारात उभं ऱ्हानार!"

"मी बाहेर गाडीत बसतो. तू खाऊन ये."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. दाजींनी परीटघडीचा सदरा घातला होता आणि टोपी डोक्यावर न ठेवता, चुरगळू नये म्हणून, काचेखाली ठेवली होती. मागे गुळाच्या ढेपा, शेंगदाणे, चटणीची बरणी, आणि पंपासाठी जादा वॉशर. पेठनाका मागे पडला, रस्ता सरळ झाला, आणि त्यांनी डावा हात खाली नेऊन दांडी पुढे ढकलली.

"घातला," ते म्हणाले. "ऐकू येतंय?"

"काहीच येत नाही."

"तेच तर!"

आज इतक्या वर्षांनी, दाजीही नसताना, मी एवढेच सांगू शकतो की त्यांना तसे आनंदात मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही नाही. शेतातला ऊस दोन्ही बाजूंनी मागे पळत होता, खिडकीतून गार वारा येत होता, आणि ती जुनी गाडी एखाद्या वजनदार गृहिणीने भरलेल्या ताटांतून वाट काढावी तशी, घाई न करता, भराभर पुढे जात होती. नव्या मोटारींतली माणसे वळून पाहत होती. दाजी त्यांना हात करीत होते.

"दाजी," मी म्हणालो, "मी विरोध मागे घेतो."

"असं तोंडी न्हाई चालायचं. लिहून दे. त्या झ्याक अक्षरात."

"भोक पाडले ते चुकीचेच होते. पण परिणाम उत्तम आहे."

"बग! मागं घेतानासुदिक अर्धा ठेवून घेतलास." मग काही वेळाने ते म्हणाले, "वर गेल्या गेल्या पयला पंप बगायचा. बसवणाऱ्यानं उलटा बसवला असंल तर पाणी चढायचं न्हाई, आणि ती म्हणंल अप्पांचा पंप बाद. एक दिवस ऱ्हायचं. दोन म्हनली तर दोन. तुला कालिजाला सुट्टी हाय न्हवं?"

"मला आहे. तिला आहे का, ते विचारलेत?"

"लेक हाय ती. सुट्टी काय इचारायची?"

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताना ते गुणगुणत होते. कसले गाणे ते कळले नाही, कारण त्यांना सूर नव्हता. पण इंजिनाचा आवाज इतका कमी होता की ते गुणगुणत आहेत एवढे मात्र स्पष्ट ऐकू येत होते.

त्रिशलाची इमारत शहराच्या पश्चिमेला, नव्या वस्तीत, टेकडीच्या पायथ्याशी होती. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा ती खालीच, वाहने लावण्याच्या जागेत, खांबाला टेकून उभी होती. हातात कापडी पिशवी. दाजींनी मोठ्या डौलाने गाडी तिच्या पुढ्यात आणून थांबवली आणि इंजिन बंद न करता खाली उतरले.

"ऐक! ऐक आवाज!"

तिने आधी त्यांच्या पाया पडून घेतले, मग माझ्या. चार वर्षांत ती वाळली होती. नाकाडोळ्यांनी रत्नाक्का, पण रत्नाक्काचे हसू त्यात नव्हते.

"प्रवास बरा झाला, मामा?"

"उत्तम झाला. गाडी खरोखर सुरेख चालते."

"गाडी बंद करा, अप्पा."

त्यांनी बंद केली, आणि लगेच बोलू लागले : तबकडी कशी ओतली, मध्य कसा चुकला, दस्तगीर तोंडावर कसा बोलला. ती ऐकत होती. मध्येच तिने हातातली पिशवी माझ्याकडे दिली.

"यात दशम्या आहेत, वांग्याची भाजी आहे, ताक आहे बाटलीत. साताऱ्याच्या पुढे कुठे सावली दिसली की जेवून घ्या. अप्पा सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, तेव्हा उशीर करू नका."

पिशवी हातात घेताना ती गरम लागली. मला अर्थ कळला. दाजींना नाही.

"डब्यात कशाला भरलंस? वर जाऊन खातो की ताटात. शांतू, त्या ढेपा काढ."

"अप्पा, वर नाही जायचं."

"जिन्याचं म्हनतीस व्हय? अगं डोंगर चढतोय मी दर—"

"जिन्याचं नाही."

दाजींनी वळून गाडीकडे पाहिले. "मग? अजून काय खटकतंय? आवाज? मागची चाकं? सांग, आत्ता बगतो."

त्रिशलाने डोळे मिटले, उघडले, आणि ती माझ्याकडे वळली.

"मामा, आई कशी गेली म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

"हृदयविकाराने," मी म्हणालो. "तुम्ही तिघे जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेला होतात. तिथे छातीत दुखू लागले. मिरजेला दवाखान्यात नेताना वाटेत..."

"वाटेत कुठे?"

मला ते ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेही नव्हते.

"अंकलीच्या पुलाच्या अलीकडे. गाडी बंद पडली होती."

"बंद न्हवती पडली," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम नेमका झाला, गिऱ्हाइकाशी बोलताना होई तसा. "इंजिन चालू हुतं. गिअर अडकला हुता, दोन गिअरच्या मधी. स्टिअरिंगच्या दांडीची सळी खालच्या बाजूला निसटली हुती." आणि मग, जणू याच वळणाची ते कोल्हापूरपासून वाट पाहत असावेत तसे, त्यांनी गाडीचे दार उघडले. "तीच तर काढली, त्रिशला! हे बग. स्टिअरिंगला दांडीच न्हाई आता. गिअर डायरेक बॉक्सावर. मधी सळी न्हाई, जोड न्हाई, काय न्हाई. ती जुनी दांडी मी भट्टीत घातली. सळ्यासुदिक. आता परत कवा अडकायचा न्हाई."

इतके दिवस ज्या कामात मी आकृत्या आणि हरकती पुरवीत होतो ते काम काय होते, हे मला तेव्हा, त्या उघड्या दारापाशी, समजले.

त्रिशलाने दारातून आत वाकून पाहिले. स्टिअरिंगच्या नळीवर जिथे दांडी होती तिथे दाजींनी पितळेचे एक सुबक झाकण बसवले होते. तिने त्यावर बोट ठेवले आणि काढून घेतले.

"छान केलंय," ती म्हणाली. "अप्पा, सळी निसटली त्यात तुमचा काय दोष? त्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले?"

"न्हाई."

"मी मागे बसले होते, मामा. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अप्पा बॉनेट उघडून वाकले होते. एक जीप आपण होऊन थांबली. मागचा बाक मोकळा होता, मला दिसत होता. माणूस उतरून आला, म्हणाला, बाईंना आमच्या गाडीत घ्या. अप्पांनी बॉनेटखालून हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं. 'झालंच, तुमी व्हा पुढं.' मग एक ट्रक थांबला. त्यालाही तेच. मी ओरडत होते, अप्पा. काच खाली करून ओरडत होते."

वरच्या कुठल्या तरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. दाजींनी सदऱ्याला हात पुसले. हात स्वच्छ होते.

"झालंच हुतं," ते मला म्हणाले, तिला नव्हे. "देवाशपथ, शांतू, झालंच हुतं. सळीचं टोक निस्तं बसवायचं हुतं. आणि बसवलं की मी. बसवली, गाडी काढली, मिरजेला नेली."

"नेलीत," त्रिशला म्हणाली. "आई त्याच्या आधीच गेली होती. मला मांडीवर कळलं होतं. तुम्ही गाडीत बसलात आणि मागे वळून बघितलं नाहीत. पहिला पडतो का, दुसरा पडतो का, ते करून बघत होतात. पडल्यावर म्हणालात, 'बग, झालं.'"

दाजी काहीतरी आठवण्याचा प्रयत्न करीत असावेत. त्यांचा डावा हात किंचित वर उचलला गेला आणि तसाच राहिला. मी त्यांच्या कोपराला धरले. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, हेच मला भयंकर वाटले. भूपाल मगदुमांना उभे राहायला कोणाचा आधार लागलेला मी पाहिला नव्हता.

"मी फोनवर सांगायला हवं होतं," ती मला म्हणाली. "गाडीचं कारण सांगितलं कारण मला वाटलं, ही गाडी आता याहून वेगळी होणार नाही आणि ते दुसऱ्या गाडीने येणार नाहीत. मग फोन आला, झाली म्हणून. परत जाताना ते एकटे असू नयेत, म्हणून तुम्हाला बोलावलं मामा. माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं."

"बाळ," मी म्हणालो, "तू त्यांना दोन घोट पाणी तरी वर नेऊन..."

"मला वाद नाही घालायचा, मामा. तुम्ही जिंकाल." ती म्हणाली. "मी त्यांना फोन करीन. गोळ्यांचं विचारीन. आजारी पडले तर दवाखान्याचं सगळं बघीन. पण माझ्या घरात ते हिंडताहेत, नळ बघताहेत, कडी बघताहेत, 'झालंच' म्हणताहेत, हे मला सोसणार नाही. मी करून बघितलं मनातल्या मनात. नाही सोसत."

दाजींनी माझा हात बाजूला केला. ते गाडीपाशी गेले, मागचे दार उघडून गुळाच्या ढेपा, शेंगदाण्यांची पिशवी आणि चटणीची बरणी एकेक करून बाहेर काढली, आणि खांबाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनाला अडणार नाही अशा बेताने, नीट रचून ठेवली. वॉशरची पुडी त्यांनी क्षणभर हातात धरली आणि तीही वर ठेवली. मग ते लेकीसमोर येऊन उभे राहिले.

"मग मी काय करू? तू सांग. सांगशील तसं करतो."

"काही करू नका, अप्पा."

"म्हंजे वर यायचं न्हाई."

"नाही."

त्यांनी मान हलवली. काम घेण्याआधी माप पक्के करून घ्यावे तसा, रागाशिवाय, त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"आज न्हाई, का कवाच न्हाई?"

"कधीच नाही," त्रिशला म्हणाली.